खिडकीखाली

आमच्या वडिलांना गाण्याचा नाद होता आणि गाण्याला जाण्याची ऐपत नव्हती. ऐपत म्हणजे केवळ पैशाची नव्हे, मानपानाचीही. सांगलीत एका पेढीवर ते कारकून होते. गावातल्या एका सुखवस्तू गृहस्थांच्या वाड्यात वर्षातून दोनतीनदा बैठक होई. तिला तिकीट नसे, बोलावणे असे. आणि ते बोलावणे आमच्या घरी कधी आले नाही. अशा रात्री वडील लवकर जेवण उरकत, खांद्यावर उपरणे टाकत आणि 'जरा पाय मोकळे करून येतो' असे आईला सांगून निघत. मी त्यांच्या मागे. वाड्याच्या बोळाकडच्या भिंतीला गजांची एक खिडकी होती. तिच्याखाली आम्ही दोघे उभे राहत असू.

१९५८ सालची कोजागिरी मला पक्की आठवते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. यजमान पानाची पिंक टाकायला खिडकीशी आले आणि त्यांनी आम्हांला पाहिले. चांगला माणूस होता. म्हणाले, "अहो, बाहेर काय उभे? आत या ना." मी एक पाऊल पुढे टाकलेसुद्धा. आटवलेल्या दुधाचा वास बोळापर्यंत येत होता. वडिलांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, "नको, इथं बरं ऐकू येतं."

हे वाक्य मी पुढे जवळजवळ सत्तर वर्षे वागवले आहे. ते खरे होते की मानी माणसाने मारलेली थाप होती, हा प्रश्न वडिलांना विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि आता विचारायला ते नाहीत. दुधाबद्दल मात्र मी त्यांना कितीतरी दिवस क्षमा केली नव्हती.

गेल्या सप्टेंबरात हा प्रश्न पुन्हा पुढ्यात आला, तो अमेरिकेतल्या एका वाळवंटात. माझी पुतणी युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला असते. मी महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. एके दिवशी ती म्हणाली, "काका, शनिवार-रविवार मोआबला जाऊ. तिथं संगीताचा उत्सव असतो." मोटारीने चार तासांचा रस्ता. जसजसे दक्षिणेला जावे तसतशी झाडे विरळ होतात, मग संपतात, आणि पुढे उरतो तो नुसता तांबडा दगड: भिंतींसारखा, कमानींसारखा, कुठे पडक्या देवळाच्या शिखरासारखा. मोआब हे त्या दगडात कोलोरॅडो नदीकाठी वसलेले पाचेक हजार वस्तीचे गाव. एकेकाळी ते युरेनियमच्या शोधासाठी गाजले. १९५२ साली जवळच एकाला मोठा साठा सापडला आणि गाव रातोरात फुगले. त्या उद्योगाने मागे टाकलेला दीडेक कोटी टनांचा किरणोत्सर्गी गाळ नदीच्या काठावरच साचला होता आणि २००९ पासून तो रेल्वेने दूर हलवण्याचे काम चालले होते. गावात शिरताना पुतणीने ती जागा मला दाखवली. आज तिथे प्रवासी येतात ते दगड पाहायला, नावा वल्हवायला. आणि १९९२ पासून उन्हाळ्याच्या अखेरीस वादकही येतात.

ज्या संगीतासाठी ते येतात त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. दोनापासून आठनऊपर्यंत वादक, हात हलवून ताल देणारा मुख्य कोणी नाही, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ. एकमेकांकडे पाहत, एकमेकांच्या श्वासावर वाजवायचे. आमच्या बैठकीची ही विलायतेतली मावसबहीणच. दोघींचा जन्म दिवाणखान्यातला आणि दोघींना मोठा मंडप मानवत नाही.

पण हा दिवाणखाना निराळा होता. जेट बोटीत बसवून त्यांनी आम्हांला पाऊण तास नदीतून खाली नेले. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच कडे. एका वळणावर बोट वाळूला लागली आणि चालत आत गेलो तो कड्याच्या पोटात निसर्गाने कोरलेली एक प्रचंड गुहा. खाली वाळू, वाळूवर घडीच्या खुर्च्या, काही माणसे वरच्या खडकांवर उशा टाकून बसलेली, आणि मध्यभागी काळा, झगझगीत ग्रँड पियानो! तो तिथे उगवला असावा असेच क्षणभर वाटले. आवाजासाठी विजेचे कसलेही यंत्र नाही. व्हायोलिनवर गज टेकला आणि तो स्वर दगडाने उचलून असा परत दिला की माझ्या अंगावर काटा आला. मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. बोलावलेला, बसवलेला, खुर्चीवर.

आणि नेमके तिथेच माझे मन बिघडले.

शंभराच्या आसपास माणसे असतील. बहुतेकांचे केस माझ्यासारखे पांढरे, बहुतेकांचे जोडे महाग. तिकिटाचा आकडा मी इथे देत नाही. माझ्या वडिलांनी तो वर्षाचा पगार समजून मला दोनदा वाचायला लावला असता. मला वाटू लागले, जे थोड्यांनाच मिळू शकते, आणि थोड्यांनाच मिळते म्हणूनच इतके गोड लागते, त्यात सुख मानणे बरे की वाईट? सूर्योदय सर्वांचा असतो, तो पाहताना असला प्रश्न पडत नाही. पण ही गुहा, हा पियानो, ही बोट?

सोपे उत्तर असे की मी ऐकल्याने कोणाचे काही कमी झाले नाही. भाकरी मी खाल्ली तर दुसऱ्याची जाते. स्वर मी ऐकला तर जात नाही. हे उत्तर मी स्वतःला दिले, पण ते टिकेना. कारण अशा दूरच्या सुखस्थळांचा इतिहास थोडाफार मला माहीत आहे. ऑस्ट्रियन संगीतकार हायडन हंगेरीतल्या एस्टरहाझी सरदारांच्या पदरी होता. त्या सरदाराने पाणथळ रानात एक महाल बांधला, नाट्यगृह बांधले आणि तिथे तो महिनोन्महिने राही. वादकांनाही राहावे लागे. त्यांच्या बायकामुलांना मात्र तिथे परवानगी नसे. १७७२ साली मुक्काम फारच लांबला, तेव्हा हायडनने एक सिंफनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपले वादन संपवून मेणबत्ती विझवतो आणि निघून जातो. अखेर दोन व्हायोलिने उरतात. सरदार उमजला आणि मंडळी घरी निघाली, असे सांगतात. गोष्ट गोड आहे. पण तिच्यात एक विस्तव आहे: ते उत्कृष्ट संगीत ज्यांच्या हातून निघत होते त्यांचीच दारे बंद होती.

दुसऱ्या बाजूला मेसियाँचे उदाहरण घ्या. हा फ्रेंच संगीतकार दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडला. गोर्लिट्झच्या छावणीत त्याला एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला आणि एक क्लॅरिनेटवाला असे तीन कैदी वादक भेटले. त्या तिघांसाठी आणि पियानोवर स्वतःसाठी त्याने एक चौकडी रचली. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, एका बराकीत ती प्रथम वाजली. ऐकणारे कैदी आणि पहारेकरी. इतक्या एकाग्रतेने आपले संगीत पुन्हा कोणी ऐकले नाही, अशा अर्थाचे तो पुढे सांगत असे. हाच मेसियाँ १९७२ साली युटात आला, ब्राइस कॅन्यनचे तांबडे दगड पाहून त्याने एक मोठी रचना केली आणि १९७८ साली तिथल्या एका डोंगराला त्याचे नाव दिले गेले. कैद्यांची बराक आणि धनिकांची गुहा, दोन्ही ठिकाणी माणसे मोजकीच. पण सारखेपणा इथेच संपतो.

तेव्हा मला असे वाटते की खोली लहान असणे आणि दार बंद असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण रागाच्या भरात त्यांची गल्लत करतो. खोली लहान असण्यात कोणाचा गुन्हा नाही. चार माणसांचे वादन चाळीस हजारांना ऐकवू गेले की ते दुसरेच काही होते. आपल्याकडे हे दार उघडण्याची खटपट मोठ्या माणसांनी केली. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ज्याने त्याने तिकीट काढून ऐकावे असे जलसे केले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. तिकिटाला आपण नाके मुरडतो. पण तिकीट हे बोलावण्यापेक्षा सभ्य आहे. ते तुमचे कूळ विचारीत नाही. (खिसा विचारते, हे खरेच.)

पण माझे दुखणे याहून खोल होते. मी स्वतःला विचारले: ही तुझी खुर्ची दुसऱ्याला मिळाली असती आणि तू हेच स्वर बाहेरून ऐकले असतेस, तर तुला आत्ताइतकेच सुख झाले असते काय? आणि मला कबूल करावे लागले की नाही. माझ्या सुखात स्वरांचा वाटा होता तसा खुर्चीचाही होता. बोळातले ते पोर अखेर आत येऊन बसले होते आणि स्वरांपेक्षा जास्त ते स्वतःलाच ऐकत होते. वडिलांना हा वाटा कधी मिळाला नाही. मग त्यांनी जे ऐकले ते निर्भेळ होते काय? 'इथं बरं ऐकू येतं' याचा अर्थ हा होता काय?

मध्यंतरानंतर शूबर्टची, दोन चेलोंची, पाच वाद्यांची रचना होती. १८२८ साली, मरणापूर्वी अवघ्या काही आठवड्यांत, एकतिसाव्या वर्षी त्याने ती लिहिली आणि ती वाजलेली ऐकण्यापूर्वीच तो गेला. मी पुतणीला खूण केली आणि हळूच उठून गुहेबाहेर आलो.

बाहेर नदीकाठी एक बोटवाला खोक्यावर बसला होता. तिशीचा, उन्हाने रापलेला. मी लगेच त्याच्यात माझे वडील पाहिले. म्हाताऱ्यांची ही खोड. मी त्याच्याजवळ वाळूत बसलो आणि विचारले, तुम्ही आत का येत नाही? तो हसला. म्हणाला, पियानो पहाटे बोटीतून आणावा लागतो, ओझे अवघड आणि यंदा नदीला पाणी कमी. हे संगीत त्याला वाईट वाटत नाही, पण ते त्याचे नव्हे. त्याला आवडते ते याच्यानंतरचे: सगळी माणसे पोहोचवून तो शेवटची फेरी करायला एकटा येतो तेव्हाची शांतता. एवढे बोलून त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि उन्हात टोपीवाचून बसल्याबद्दल रागावला. माझ्या दयेला त्याच्याकडे काही काम नव्हते.

आत शूबर्टचा संथ भाग सुरू झाला होता. मी कान देऊन ऐकले. बाहेर चेलोचा खर्ज तेवढा येत होता, तोही तुटक. व्हायोलिन वाऱ्याने जात होते, मध्येच पाण्याचा खळखळाट. नाही, बाहेर बरे ऐकू येत नव्हते. मुळीच नाही. सांगलीच्या त्या बोळातही आले नसणार. तिथे तर भिंत दोन हात जाड होती आणि पलीकडच्या आळीत कुत्री भुंकत.

मी उठलो आणि आत गेलो. माझ्या खुर्चीवर एक वयस्क बाई येऊन बसल्या होत्या. मघा त्या मागच्या खडकावर अवघडून बसलेल्या मी पाहिल्या होत्या. मला पाहून त्या उठू लागल्या. मी हाताने त्यांना 'बसा' म्हटले आणि त्यांच्या खडकावर जाऊन टेकलो. पुतणीने मान वळवून मला शोधले, 'इकडे ये' म्हणून खुणावले. मी नकारार्थी मान हलवली. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून ऊन होता.