संगीतप्रकाराला आरोपी करता येते का?

बहरीनमधल्या 'ओसायरिस' या बँडची पहिली तबकडी १९८२ साली निघाली, तेव्हा लंडनमध्ये त्या जातीच्या संगीताचा निकाल लागून पाच-सहा वर्षे झाली होती. लांबलचक रचना, सिंथेसायझरचे थरावर थर, मिथकांचे विषय अशा 'प्रोग्रेसिव्ह रॉक'ला पंकवाल्यांनी केव्हाच मोडीत काढले होते. 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन 'पिंक फ्लॉइड'च्या नावावर द्वेषाचे शब्द खरडलेला टी-शर्ट घालून मिरवत असे. अशा वेळी बहरीनच्या राजधानीत, मनामात, 'ओसायरिस'चे सादिकी बंधू आणि त्यांचे सोबती नेमके तेच संगीत करत होते. त्यांच्या भोवतालच्या समाजात तर वेगळाच खटला कित्येक शतके चालू होता: वाद्यसंगीत मुळात धर्माला चालते का? एक निकाल म्हणतो, हा प्रकार ढोंगी आणि शिळा. दुसरा म्हणतो, हा प्रकार पापाचा. दोघांचा रोख वेगळा असला तरी चूक एकच आहे. दोघेही कृतीला सोडून जातीला पिंजऱ्यात उभे करतात. पण जात गुन्हा करू शकत नाही. गुन्हा असलाच तर तो एखाद्या रचनेचा असतो, ती करणाऱ्याचा किंवा ऐकणाऱ्याचा असतो.

पंकवर अन्याय करून हे सिद्ध करायची गरज नाही, कारण त्याचा राग बऱ्याच अंशी खरा होता. सत्तरच्या दशकात रॉकचे मोठे बँड श्रोत्यांपासून फार दूर गेले होते. वाद्यावरची हुकमत हीच कलेची पात्रता ठरू लागली होती आणि ज्याच्याकडे महागडी यंत्रे नाहीत त्याने गप्प बसावे, असा एक न बोललेला नियम झाला होता. १९७७च्या जानेवारीत 'बझकॉक्स' या मँचेस्टरच्या बँडने 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली आणि कंपनीच्या परवानगीवाचून संगीत करता येते हे दाखवून दिले. पंकचा खरा वारसा मला इथे दिसतो, टी-शर्टवर नाही. मात्र हा सगळा आक्षेप आचरणावर होता, स्वररचनेवर नव्हता. त्याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द रॉटननेच दिला. १९७७च्या जुलैमध्ये लंडनच्या 'कॅपिटल रेडिओ'ने त्याला आवडीच्या तबकड्या वाजवायला बोलावले, तर त्याने पीटर हॅमिल निवडला. 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' या अस्सल प्रोग्रेसिव्ह बँडचा गायक! कान कृतीचा न्याय करत होता, तोंड जातीचा. आणि बहरीनमध्ये तर पंकच्या आरोपपत्रातला आरोपीच हजर नव्हता. उलथून टाकावेत असे गर्विष्ठ रॉकसम्राट त्या बेटावर होते कुठे?

धर्माच्या बाजूने पाहिले तर जात आणि कृती यांतला हा भेद फार जुन्या काळी, फार नेमकेपणाने केलेला सापडतो. ११११ साली निवर्तलेल्या इमाम गझाली यांनी 'इह्या उलूम अल-दीन' या ग्रंथात श्रवणावर, म्हणजे 'समा'वर, स्वतंत्र प्रकरण लिहिले. श्रवण मुळात निषिद्ध नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते निषिद्ध होते ते बाहेरून येऊन चिकटणाऱ्या कारणांनी: गाणारा, वाद्य, शब्द, ऐकणाऱ्याची वासना आणि त्याची सवय. यावर कोणीही म्हणेल की याच गझालींनी तंतुवाद्ये नि कित्येक सुषिरवाद्येही नाकारली; मग त्यांची साक्ष गिटारच्या बाजूने कशी काढता? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण त्यांनी दिलेले कारण पाहावे. ती वाद्ये दारूच्या मैफलींची खूण झाली होती, म्हणून ती नकोत. निव्वळ गोडवा हे कारण असते तर पक्ष्याचा आवाजही वर्ज्य झाला असता, हे ते स्वतःच मांडतात. म्हणजे वाद्याला दोष लागला तो संगतीचा, आणि संगत काळाबरोबर बदलते. धर्माबाहेरही हेच घडते: आपल्याकडे हार्मोनियम १९४०पासून तीसेक वर्षे आकाशवाणीवर बंद होती. परकी, श्रुती न दाखवणारी पेटी म्हणून. तिच्या मर्यादेबद्दलचा मुद्दा खोटा नव्हता. पण ही बंदी गोविंदराव टेंब्यांचे वादन ऐकून घातलेली नव्हती, पेटीच्या जातीवर घातलेली होती.

बहरीनला हा प्रश्न पुस्तकी नाही. २००७मध्ये 'स्प्रिंग ऑफ कल्चर' महोत्सवात कवी कासिम हद्दाद आणि संगीतकार मार्सेल खलिफे यांचे 'मजनू लैला' सादर झाले, तेव्हा त्यातल्या नृत्यावरून संसदेत वादळ उठले आणि चौकशी समितीपर्यंत गोष्ट गेली. ज्यांना ते दृश्य खटकले त्यांची श्रद्धा मी खोटी मानत नाही. माझा आग्रह एवढाच की गझालींची पाच कारणे तरी एकेक करून तपासा; कोणत्या हालचालीने, कोणत्या शब्दाने मर्यादा ओलांडली ते सांगा. तसे सांगितले की वाद करता येतो. 'नाच म्हणजे वाईट' यावर वाद करायला जागाच उरत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. प्रकाराकडे पाहायचेच नाही म्हटले, तर कृती मोजायची कशाने? इथे बहरीनमधल्या मुहर्रकच्या मोती काढणाऱ्यांची 'फिजिरी' ही गायकी मदतीला येते. 'दार'मध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या घरात, मंडळी गोल बसतात. नहाम, म्हणजे मुख्य गायक, वरच्या पट्टीत हाक घालतो आणि त्याच्या खाली बाकीच्यांची इतकी खोल घोगरी गुणगुण चालते की ती गळ्यापेक्षा छातीतून येते आहे असे वाटावे. सोबत ढोल, बोटांतल्या झांजा, टाळ्या आणि 'जहला' नावाचा मातीचा घडा, ज्याच्या अंगावर आणि तोंडावर हातांनी थाप पडते. यात रागविस्तार शोधणारा रिकाम्या हाताने परतेल, आणि तीन मिनिटांत संपणारे गाणे शोधणाराही. फिजिरीने यातले काहीच कबूल केलेले नाही. तिने कबूल केले आहे ते एकत्र दम धरणे, समुद्रावरच्या जीवघेण्या हंगामाची आठवण अनेक गळ्यांनी मिळून उचलणे. प्रकार म्हणजे असा एक करार आहे. तो ऐकणाऱ्याला माहीत असायलाच हवा, पण करारावरून निकाल लागत नाही. करार पाळला की मोडला यावरून लागतो.

अभिनवगुप्तांनी रसास्वादातली जी विघ्ने सांगितली, त्यात स्वतःच्या किंवा परक्याच्या देशकालाला चिकटून बसणे हे एक मोठे विघ्न आहे. '१९८२ साली असले संगीत करायचे?' या प्रश्नात तेच विघ्न आहे. ते बाजूला सारून ऐकले की ओसायरिसचे दोष झाकले जातात असे मात्र नाही, उलट ते नीट दिसू लागतात. 'कॅमल' या इंग्रजी बँडची छाया त्यांच्यावर दाट आहे. कुठे कुठे उसनवारी उघडी पडते. पण गिटारच्या लांब, गाणाऱ्या ओळी त्यांनी मनापासून कमावल्या आहेत आणि तिथे करार पाळला गेला आहे. हा निकाल चुकीचा असू शकेल, पण तो खोडायचा तर तबकडी लावावी लागेल.

कोणी विचारील, द्वेष पसरवणारे संगीतही मग त्याच्या कराराप्रमाणेच मोजायचे का? नाही. पंकच्याच कुळातून वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला 'क्लॅश' निघाला आणि उघड वर्णद्वेष गाणारा 'स्क्रूड्रायव्हर'ही. गिटार तेच, वेग तोच, तीन कॉर्डही त्याच. 'स्क्रूड्रायव्हर'चा धिक्कार त्याच्या शब्दांसाठी आणि कृत्यांसाठी केला पाहिजे, आणि तो कडक केला पाहिजे. तो धिक्कार सबंध प्रकारावर पसरवला की खरा दोषी गर्दीत लपतो आणि शिक्षा 'क्लॅश'लाही होते. आयुष्य थोडे आणि संगीत अफाट, म्हणून काय ऐकायचे हे प्रकारावरून ठरवायला हरकत नाही. सगळे तसेच करतात. पण जे ऐकलेच नाही त्याबद्दल 'मला वेळ मिळाला नाही' एवढेच म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.