मुक्या जिवाची सोय

प्रवासाला निघताना माणूस कशाकशाची तजवीज करतो, यावरून त्याचे मन कोठे गुंतले आहे ते कळते. तिकिटे, औषधे, दागिने, गॅसची कळ, पाण्याची टाकी, शेजाऱ्याकडे ठेवायची किल्ली. यादी लांबलचक असते. अलीकडे या यादीत आणखी एक प्रश्न शिरला आहे. घरातल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे काय करायचे? त्याला घरीच ठेवून कोणाला तरी त्याच्या देखभालीसाठी बोलवायचे, की प्राण्यांसाठी चालविल्या जाणाऱ्या वसतिगृहात पैसे भरून सोडायचे? वरवर पाहता हा प्रश्न सोयीचा आणि खर्चाचा आहे. तो तेवढाच असता तर या पानांवर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्याला आपण पाळले त्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. आणि तो नीतीचा आहे.

पूर्वी वसईच्या वाड्यांतून हा प्रश्न सहसा उद्भवत नसे, कारण घर क्वचितच रिकामे पडे. चार माणसे वेलंकणीच्या यात्रेला गेली तरी आजी, काका-काकू, निदान शेजारी तरी मागे असत. आपले अंगण कोठे संपते आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होते, हे कुत्र्याला ठाऊक नसे. अर्थात, त्या काळाचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. तो कुत्रा बहुधा वाडीचा राखणदार असे. उरलेसुरले भात-कालवण हेच त्याचे जेवण आणि पडवीचा कोपरा हेच त्याचे घर. त्याच्या वाट्याला लाड कमी आले असतील, पण एकटेपण आले नाही. आज तो सदनिकेत, सोफ्याच्या शेजारी राहतो. त्याचे लाड वाढले आणि त्याचे गणगोत आटले. घरातली तीन-चार माणसे हेच त्याचे सारे जग. आणि ती सगळी एकदम बाहेर पडली की ते जगच नाहीसे होते.

आणि आपण तर सगळेच पुष्कळ फिरू लागलो आहोत. कोणी कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात असलेल्या मुलांकडे महिना-दोन महिने जातो, कोणी पवित्र भूमीच्या यात्रेला जातो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे गोव्याच्या वाटेला लागली. कुत्र्याला सोबत न्यावे म्हटले तर रेल्वेत वातानुकूलित प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावे असावा लागतो. नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत बसवावे लागते. म्हणजे सामान्य कुटुंबाला त्याला मागे ठेवण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते.

मुळात प्राण्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? विचारवंतांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. सतराव्या शतकातील देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने प्राण्यांना यंत्रांच्या पंक्तीत बसविले. त्याच्या चारशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्याशी खऱ्या अर्थाने मैत्री होऊ शकत नाही असे मानले. मात्र प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, हा धोका त्यांनी दाखवून दिला. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने प्राण्याच्या बुद्धीकडून लक्ष काढून ते त्याच्या वेदनेकडे वळविले.

ही सारी मते विचारात घेतली तरी पाळीव प्राण्याच्या बाबतीत कर्तव्याचे याहून जवळचे एक कारण आहे, असे मला वाटते. रानातल्या कोल्ह्याचे पोट भरण्याची जबाबदारी माझ्यावर नाही. घरातल्या कुत्र्याचे दार मात्र मी बंद केले आहे. त्याने केव्हा खावे, किती प्यावे, कोठे झोपावे, केव्हा बाहेर पडावे हे सारे मी ठरवितो. त्याचे परावलंबन ही माझी करणी आहे. या व्यवहारात त्याची संमती कोणी विचारली नव्हती. करार एकट्या माझा आहे. म्हणूनच तो पाळण्याचे ओझेही एकट्या माझ्यावर येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दूर जाताना माणसाला आपण 'रविवारी येतो' असे सांगू शकतो, आणि त्या एका शब्दाच्या आधारावर मूलसुद्धा आठवडा काढते. कुत्र्याला हे सांगता येत नाही. बॅगा बाहेर निघाल्या की तो पायात घुटमळू लागतो, एवढे त्याला कळते. परतीची तारीख त्याला कळत नाही. मग शब्दाच्या जागी आपण त्याला काय देऊ शकतो? सवय. ठरल्या वेळी मिळणारे ओळखीचे जेवण, ओळखीचा वास, ओळखीचा हात. घर की वसतिगृह, हा वाद या कसोटीवर घासून पाहावा: यांपैकी अधिकात अधिक गोष्टी कोठे टिकून राहतील?

ही कसोटी लावली की सगळ्यांना एकच उत्तर नाही हे दिसून येते. मांजर माणसाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, जागेला धरून असते. परक्या ठिकाणी ती कोपरा धरते आणि अन्नाला तोंड लावत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहणे मांजरीच्या यकृताला घातक ठरू शकते, विशेषतः ती लठ्ठ असेल तर. तेव्हा मांजर, पक्षी, काचेच्या पेटीतले मासे यांना त्यांच्या जागीच ठेवून कोणीतरी येऊन पाहणे हितकारक. कुत्र्याचे मन जागेपेक्षा सोबतीत रमते. दिवसातून दोनदा वाडगा भरून निघून जाणारा माणूस त्याला पुरत नाही. उरलेले तास तो बंद दाराकडे पाहत बसतो. घरी मुक्कामाला राहणारे ओळखीचे माणूस मिळाले तर त्याहून चांगले काही नाही. ते न मिळाल्यास, तरुण, निरोगी आणि इतर कुत्र्यांत मिसळणारा कुत्रा चांगल्या वसतिगृहात अधिक सुखी राहील. म्हातारा, आजारी किंवा रोज औषध लागणारा प्राणी असेल तर पशुवैद्याच्या नजरेखालची जागा शोधावी.

वसतिगृह निवडताना आधी स्वतः जाऊन ते पाहावे. लसीकरणाचा दाखला न मागता कोणताही कुत्रा आत घेणारी जागा आपल्या कुत्र्यालाही सुरक्षित नाही. कारण कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला आणि पार्व्होसारखे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातात. गोचिडांची काळजी कशी घेतात, रात्री माणूस असतो की नाही, नाताळ व नववर्षाच्या फटाक्यांच्या वेळी बिथरलेल्या कुत्र्यांना कोठे ठेवतात, हे विचारावे. मोठ्या प्रवासाआधी एक रात्र ठेवून पाहावे. त्याचे नेहमीचे अन्न आणि घरातली एखादी वापरलेली चादर सोबत द्यावी.

संत फिलिप नेरी यांची एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. १५८३ साली ते रोममधील सान जिरोलामो येथील आपली खोली सोडून वालिचेल्ला येथे राहायला गेले. त्यांची मांजर मात्र जुन्या खोलीतच राहिली. तिला खाऊ घालण्यासाठी ते आपल्या शिष्यांना किल्ली देऊन तेथे धाडीत आणि ती नीट जेवली काय, अशी चौकशी करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिष्यांचा ताठा मोडण्याचा हा त्यांचा उपाय होता, असा अर्थ लावला जातो. तो असेलही. पण त्या निमित्ताने मांजरीला तिची जागा आणि तिचे जेवण दोन्ही मिळाले, हेही खरे.

आता या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. ती प्राण्याची नसून माणसाची आहे, आणि आपण तिचा सहसा विचार करीत नाही. आपण नाताळात गावी किंवा गोव्याला जातो तेव्हा आपल्या घरी मुक्काम करणाऱ्या माणसाचा नाताळ कोठे जातो? वसतिगृहात रात्री पिंजरे धुणारा मुलगा बहुधा दूरच्या गावाहून आलेला असतो. त्यालाही सण असतो. पैसे दिले म्हणजे देणे फिटले असे नाही. त्याला सोयीचे आहे काय हे आधी विचारावे, सणाचे दिवस असतील तर मोबदला वाढवून द्यावा, घरात त्याच्या जेवणाची व झोपण्याची नीट व्यवस्था करावी. कुत्र्यासाठी मऊ गादी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी जमिनीवर चटई, हे चित्र शोभणारे नाही. घरात कॅमेरा बसविला असेल तर तसे त्याला स्पष्ट सांगावे. किल्ली विश्वासाने द्यायची आणि पाठीमागून चोरून पाहत राहायचे, यात लबाडी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लांडगा येताच मेंढरे टाकून पळणाऱ्या मोलकऱ्याचा उल्लेख आहे. तथापि, ज्याला आपण माणूस म्हणून वागविले नाही, त्याने मेंढपाळाच्या मायेने वागावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

येथे काही वाचक निश्चितच विचारतील: माणसे उपाशी असताना कुत्र्याच्या सोयीची एवढी चिंता कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही बाजू सांगतो: प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. वसतिगृहात वातानुकूलित खोली, वाढदिवसाचा केक, छायाचित्रांचा अल्बम यांसाठी मोजलेले पैसे बहुतांशी आपल्या मनाच्या समाधानासाठी असतात; कुत्र्याला त्यातले काही कळत नाही. त्याला पाणी, सावली, सोबत आणि मोकळे पाय हवे असतात. गरज आणि चैन यांतला भेद ओळखला की गरिबाचा घास न हिरावताही मुक्या जिवाची सोय होते. शब्बाथाच्या दिवशी बैलाला किंवा गाढवाला गोठ्यातून सोडून पाण्यावर नेणे लोक चुकवीत नाहीत, याची आठवण प्रभू येशूने टीकाकारांना करून दिली, ती कंबरेत वाकलेल्या एका स्त्रीला मोकळे करताना. जनावराची तहान ओळखणाऱ्याला माणसाची वेदना दिसायलाच हवी, असा त्या युक्तिवादाचा ओघ आहे. एकीची काळजी दुसरीच्या आड येत नाही.

आपला कायदाही याविषयी मुका नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या हिताची जबाबदारी आहे. त्याला पुरेसे अन्नपाणी न देणे, आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि उपासमारीने क्लेश होतील अशा स्थितीत सोडून देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्याशा दंडाने कोणी सुधारणार नाही. शेवटी हा प्रश्न ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवरच येऊन ठेपतो.

तेव्हा वाचकहो, तिकिटे काढण्याआधी घरात एकदा बसून हा विचार व्हावा. मुलांनाही त्यात घ्यावे. आपल्यावर अवलंबून असलेल्याची सोय लावल्याशिवाय घर सोडायचे नसते, हे त्यांना यातून जितके कळेल तितके उपदेशाने कळणार नाही. प्राण्याचा स्वभाव काय, त्याला सांभाळणाराची अडचण काय, आणि आपण जे निवडतो आहोत ते त्याच्या हिताचे आहे की केवळ आपल्याला मोकळे करणारे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. कधी उत्तर घरी माणूस ठेवण्याचे येईल, कधी वसतिगृहाचे. आणि कधी असेही येईल की कुत्रा अगदी थकला आहे, त्याचे थोडेच दिवस उरले आहेत. तेव्हा यंदा एकाने मागे राहावे, किंवा प्रवास पुढच्या वर्षी करावा. हे उत्तर आले तर त्याला वेडेपणा म्हणून हसू नये.