ऐकू न येणाऱ्या आवाजाचं काय?

टोकियोत राहायचं तर वस्तू टाकायला शिकावंच लागतं. हिगाशी-कसाईतल्या आमच्या दोन खोल्यांत नवं काही आलं की जुनं काहीतरी बाहेर जातंच. पण आवाज टाकावा का, आणि टाकलाच तर कोणता, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला. वाईच्या आत्याने १९८४ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. त्या मी संगणकावर उतरवल्या. तासाभराच्या एका कॅसेटची फाइल झाली ६३५ एमबीची. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, एवढं माझ्या मोबाइलवर कसं मावणार? लहान करून पाठव."

लहान करणं सोपं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ज्यावर मोठं काम झालं, त्या पद्धतीच्या फाइलींना १९९५ साली 'एमपी३' हे नाव मिळालं. १२८ केबीपीएसला आवाज भरला की फाइल अकरापट लहान होते. युक्ती आपल्या कानाच्या एका खोडीवर आधारलेली आहे. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग तो ठेवायचा कशाला? जात्याच्या घरघरीखाली दबलेली बांगड्यांची किणकिण अशी ढोबळ होते किंवा गळूनच जाते.

यात वाईट काय, असं कुणीही विचारील. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तास-तास राग मांडणाऱ्या गवयांनी तोच राग तेवढ्यात बसवला. गाळणं हा कलेचाच भाग आहे. खरं आहे, पण काय ठेवायचं हे तिथे गवयाने स्वतः ठरवलं. आजीला कुणी विचारलेलं नाही. इथे ठरवतं ते सरासरी कानावर बेतलेलं एक गणित.

शिवाय 'ऐकू येत नाही' हा आवाजाचा गुण नव्हे, ती ऐकणाऱ्याची मर्यादा आहे. आज घरघर बाजूला काढून मागचा आवाज वर आणणारी साधनं आली आहेत. पण वर आणण्यासाठी मागे काही उरलेलं तर हवं! एमपी३मधून गेलेलं परत येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रात गावोगावच्या एक लाखावर ओव्या जमवल्या. शब्द कागदावर उतरले, पण चाल कागदावर कशी मावणार? त्यासाठी ध्वनिमुद्रणंच करावी लागली. प्रत्येक साठवणीत काहीतरी सुटतं. काय सुटलं याची जाण मात्र सुटू नये.

आमच्या कासाई स्थानकाच्या पुलाखाली भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे १९२७ सालचा पिवळा डबा अख्खा जपलेला आहे. माणसांची ने-आण मात्र तोझाई लाइनच्या आजच्या गाड्या करतात. दोन्ही कामं लागतात आणि एकाने दुसऱ्याचं काम करू नये. म्हणून आत्याला एमपी३ गेली, कारण कुणी ऐकणारच नसेल तर आवाज जपून उपयोग काय? आणि मूळ आवाज 'फ्लॅक'मध्ये ठेवला. ती पद्धत बऱ्याचदा जागा निम्म्यावर आणते, पण एक कणही गमावत नाही.

लेकीने विचारलं, "बाबा, हे पुढे ऐकणार कोण?" प्रश्न रास्त आहे. नुसती साठवण म्हणजे जतन नव्हे. म्हणून प्रत्येक फाइलीसोबत कोण गातंय, कुठे, आणि तिला न कळणाऱ्या शब्दांचा अर्थ काय, हे आम्ही दोघं बसून लिहितो आहोत. आजीचा आवाज माझ्या मालकीचा नाही, मी त्याचा फक्त विश्वस्त आहे. त्यातलं काय निरुपयोगी, हे ठरवायचा हक्क तिच्या नातवंडा-पतवंडांचाही आहे, आणि त्यांचे कान कसे असतील हे आज कोण सांगणार?