आत्मघातानें मेलेल्यांविषयीं



एका उपदेशक बंधूंनीं पत्र लिहून मला विचारलें आहे कीं, मंडळींतील एखाद्यानें स्वतःच्या हातानें आपला जीव घेतला, तर त्याच्या आत्म्याची काय गति होते, व त्याला ख्रिस्ती विधीनें मूठमाती द्यावी कीं देऊं नये. हे प्रश्न दोन दिसतात. परंतु शोक करणाऱ्या घराला ते एकच वाटतात, कारण कबरेपाशीं आपण जें करितों त्यावरूनच तें घर आपलें उत्तर ओळखतें.

हें मी माझ्या स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहें. मी नवा पाळक असतां माझ्याकडील एका खेड्यांत एक तरुण शेतकरी असा मरण पावला. डोक्यावर कर्ज होतें, दोन वर्षें पिकें बुडालीं होतीं, आणि कित्येक महिने तो कोणाशीं धड बोलत नव्हता. पंच म्हणाले, कबरस्थानाच्या कुंपणाबाहेर जागा द्यावी व प्रार्थनेवांचून पुरावें. मीं मान डोलावली. सेमिनरींत शिकलेलें पुष्कळ डोक्यांत होतें, पण त्या वेळीं धैर्य झालें नाहीं. त्याच्या आईनें मला विचारलें, "पाळकसाहेब, माझं लेकरू आता कुठं असंल?" मीं म्हटलें, "देवाला ठाऊक." उत्तर खोटें नव्हतें, पण ज्या स्वरांत मीं तें दिलें तो दार लावून घेणाऱ्याचा स्वर होता.

त्या माउलीला दोन प्रकारचें भय होतें. अपमृत्यु आलेला मनुष्य भूत होऊन शिवारांत भटकतो, अशी आपल्या गांवांतील जुनी समजूत आहे. आणि तो सरळ नरकांत जातो, असें तिनें मंडळींत ऐकलें होतें. पहिल्या भयाविषयीं थोडेंच सांगतों. श्रीमंत मनुष्य व लाजार ह्यांच्या दाखल्यांत मेलेले लोक भटकत नाहींत. ते देवानें नेमलेल्या ठिकाणीं आहेत. तेव्हां ज्या घरीं असें मरण झालें त्या घराला ख्रिस्ती शेजाऱ्यानें टाळूं नये. दुसऱ्या भयाचा मात्र नीट विचार केला पाहिजे.

आत्मघात हें पाप आहे, ह्यांत शंका नाहीं. जीव देवाचा आहे, आणि खून करूं नये ह्या आज्ञेंत स्वतःचा अपवाद सांगितलेला नाहीं. हा मुद्दा अगस्तिनानें ‘देवाचें नगर’ ह्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत मांडला. इ. स. ४१० त शत्रूंनीं रोम शहर लुटलें, तेव्हां ज्या ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले त्यांनीं जीव कां दिला नाहीं, असें विचारणारे लोक होते. त्यांस अगस्तिनानें उत्तर दिलें. म्हणजे हा युक्तिवाद त्या दुःखी बायकांनीं निर्दोषपणें जगावें म्हणून केलेला होता. पुढच्या लोकांनीं तो मेलेल्यांवर चालविला! सहाव्या शतकांत ब्रागा येथील धर्मसभेनें अशा मृतांस विधि नाकारला. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकांतही तशीच सूचना आहे. इंग्लंडांत तर शुद्धीवर असतां आत्मघात केला असें ठरलेल्या मनुष्यास चव्हाट्यावर पुरीत असत. ती चाल १८२३ च्या कायद्यानें बंद झाली, तरी विधीवांचून व रात्रीं नऊ ते बाराच्या दरम्यान पुरण्याची अट १८८२ पर्यंत राहिली. आपल्या कुंपणाबाहेरच्या जागेचें मूळ अशा चालींत आहे.

शास्त्रांत तें मूळ सांपडत नाहीं. शौल आपल्याच तरवारीवर पडला. तरी याबेश-गिलादाचे लोक रात्रभर चालून गेले, त्याचें प्रेत शत्रूच्या भिंतीवरून काढून आणलें, त्याच्या अस्थि पुरल्या व सात दिवस उपास केला. आणि दाविदानें त्यांस दोष न देतां आशीर्वाद पाठविला. अहीथोफेलाला त्याच्या बापाच्याच कबरेंत जागा मिळाली. ह्या गोष्टी उपदेशकांनीं पंचांस वाचून दाखवाव्या.

परंतु कोणी म्हणतील, त्याला पश्चात्तापाला वेळ कोठें मिळाला? मी विचारतों, तुमच्या आमच्यापैकीं कोणाला मिळणार आहे? झोपेंत मरणारा विश्वासी आपलें प्रत्येक पाप पदरीं घेऊन, कबूल करून मरतो काय? तारण जर शेवटच्या श्वासाच्या पवित्रतेवर टांगलेलें असतें, तर वधस्तंभ कशाला पाहिजे होता? ज्या एका पापाची क्षमा नाहीं असें प्रभूनें सांगितलें, तें पवित्र आत्म्याविरुद्धचें दुर्भाषण होय. तेथें आत्मघाताचें नांव नाहीं. ल्यूथरच्या संभाषणांच्या संग्रहांत असें आहे कीं, असा मनुष्य रानांत लुटारूनें गांठून मारलेल्या वाटसरूसारखा असतो, म्हणून त्याचा नाश झालाच असें तो म्हणत नसे.

आणि लुटारू कधीं कधीं रोगाच्या रूपानें येतो. विल्यम कूपर ह्या इंग्रज कवीनें १७६३ सालीं आत्मघाताचा प्रयत्न केला, तो वांचला. पुढें त्यानें जॉन न्यूटन ह्यांच्याबरोबर रचलेलीं गीतें १७७९ त ‘ऑल्नी गीतें’ म्हणून प्रसिद्ध झालीं व जगभरच्या मंडळ्या तीं गाऊं लागल्या. तरी हाच मनुष्य देवानें आपल्याला टाकलें आहे अशा समजुतींत १८०० सालीं आपल्या मरणापर्यंत कष्टी राहिला. दुखण्यानें घातलेली ही समजूत. ती खरी मानणारा मी कोण?

मात्र हें सांत्वन मागें राहिलेल्यांसाठीं आहे. जो आज खचलेला आहे त्यानें हें आपल्याला मोकळी केलेली वाट समजूं नये. त्यानें एलीयाकडे पाहावें. कर्मेलावरच्या विजयानंतर लगेच तो रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. देवानें तें मागणें दिलें नाहीं, पण त्यास दटाविलेंही नाहीं. त्यास झोपूं दिलें. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिलें. पुन्हां झोपूं दिलें, पुन्हां जेवूं घातलें. बोलणें झालें तें चाळीस दिवसांनीं, होरेबास. मग अलीशा हा सोबती दिला. आपण उपदेशक नेमकें उलट करितों, आधीं बोध आणि भाकरीचा पत्ता नाहीं.

यहूदाच्या गोष्टींतही एक जागा आपण घाईनें वाचून टाकितों. पस्तावा होऊन तो प्रथम याजकांकडे गेला होता. निरपराध्याला धरून दिल्याचें त्यानें त्यांच्यापाशीं कबूल केलें. आणि त्यांनीं, आम्हांला त्याचें काय, तुझें तूं पाहा, अशा अर्थाचें उत्तर दिलें. त्या जागीं मी बसलेला आहें, म्हणून तें वाक्य मला वाचवत नाहीं. फिलिप्पैच्या बंदिशाळेंत पौल असा बसला नाहीं. अधिकारी आपल्या जिवावर उठला आहे असें दिसतांच तो आंतून मोठ्यानें ओरडला.

तसें आपण वेळेवर ओरडावें. जो गप्प झाला आहे, देणेंघेणें मिटवीत आहे, आपण सर्वांना ओझें आहों असें म्हणत आहे, त्याला सरळ विचारावें कीं, जीव द्यावा असें मनांत येतें काय? विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो असें नाहीं. पुष्कळदां तो बाहेर पडतो. त्याला एकटें सोडूं नये, डाक्तराकडे न्यावें. पोलिसांच्या भीतीनें लपवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा मनुष्यास फार मोठ्या तणावाखालीं आहे असें धरून शिक्षेऐवजीं मदत देण्याचें सरकारवर सोंपविलें आहे. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ ह्या दूरध्वनि क्रमांकावर आहे. हा आंकडा मंडळीच्या दारावर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

त्या खेड्यांत मी पुष्कळ वर्षांनीं पुन्हां गेलों. आईची क्षमा मागितली, आणि ती, तिची सून व एक पंच एवढ्यांसमक्ष त्या कबरेपाशीं मूठमातीचा विधि वाचला. नंतर मंडळीची नोंदवही मागविली. मृतांच्या यादींत त्याचें नांव आम्हीं घातलेंच नव्हतें. तें मीं लिहिलें, आणि तारखेपाशीं येऊन थांबलों, कारण ती मला आठवेना. आईनें ती सांगितली.