छप्पर : दान की देणे?



"आम्ही पोटाला चिमटा काढून घर घेतलं, वीस वर्षं हप्ते भरले. मग आमच्या घरपट्टीतून दुसऱ्याला घर कशाला?" मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात किंवा सोसायटीच्या सभेत हा प्रश्न आपण ऐकतो, कधी स्वतःही विचारतो. तो केवळ स्वार्थातून येतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. घर उभे करताना काय सोसावे लागते हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक असते. म्हणून या प्रश्नाला उपदेशाने नव्हे, तर विचाराने उत्तर द्यायला हवे.

आधी आपल्याच घराकडे पाहू या. प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी २०१५ साली सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये देण्याची त्यात तरतूद होती. त्याच योजनेत २०१७ पासून मार्च २०२१ पर्यंत वर्षाला १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांनाही गृहकर्जाच्या व्याजावर २ लाख ३० हजारांपर्यंत सवलत होती. आपल्यापैकी काहींनी ती घेतली, आणि त्यात गैर काहीच नाही. पण तिला कुणी 'फुकट' म्हटले नाही. मग तेवढाच पैसा झोपडीतल्या माणसाला मिळाला की तो 'फुकट' कसा होतो? आणि कर फक्त आपणच भरतो असेही नाही. पदपथावर झोपणारा मजूर अंगाला साबण लावतो, तेव्हा तोही सरकारच्या तिजोरीत भर घालत असतो.

घर नसलेला माणूस नेमके काय गमावतो? फक्त ऊन-पावसापासूनचा आडोसा नव्हे. पत्ता नाही म्हणून कागदपत्रे रखडतात, मुलांची शाळा सुटते, बाईमाणसाची रात्र जागून जाते. मुंबईच्या पदपथवासीयांच्या १९८५ सालच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुढे निवारासुद्धा त्याच हक्कात मोडतो, असे न्यायालयाने म्हटले. ज्याच्यावर हक्क आहे, ते दान राहत नाही. ते देणे होते.

हे देणे कुणी फेडायचे? २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक चोवीस तासांचा रात्रनिवारा असावा असे सांगितले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच हिशेब धरला. पैसा केंद्राचा आणि राज्याचा असला, तरी जागा शोधणे आणि चालवायला संस्था नेमणे हे काम महापालिकेकडे आले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने बारा निवारे व्हायला हवेत. पण जागा ठरवायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येते : "निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको." प्रत्येक गल्ली असे म्हणाली तर निवारा उभा कुठे राहायचा?

काहींना नुसते छप्परही पुरत नाही. मनोरुग्णालयात बरे झालेले, पण घरच्यांनी परत न नेलेले लोक आपल्या समाजात आहेत. केवळ घर किंवा कुटुंब नाही म्हणून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. अशांसाठी समूहघरे उभारण्याची किंवा त्यांना मदत देण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. चेन्नईच्या 'द बन्यन' या संस्थेने २०१५ पासून हे करून दाखवले आहे. चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, स्वयंपाक करतात, बाजारहाट करतात, आणि मदतीला एक कार्यकर्ती असते. तिथे "आधी पूर्ण बरे व्हा, मग घर" अशी अट नाही. घरात राहता राहताच माणूस सावरतो. व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्याला किंवा एकाकी वृद्धाला हेच लागू नाही का?

यात गैरप्रकार होतात, हेही खरे आहे. खोटे लाभार्थी घुसतात, मिळालेली घरे परस्पर विकली जातात, कंत्राटदार निकृष्ट बांधतात. पण नळाची पाइप गळते म्हणून आपण गावाचे पाणी तोडत नाही, पाइप दुरुस्त करतो. तसाच हिशेब इथेही मागायला हवा.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींत अन्न-वस्त्राबरोबर निवाराही मोजला. १९८७ साली, बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, व्हॅटिकनने या विषयावर स्वतंत्र दस्तऐवजच काढला. त्याच्या नावातच आपल्याला प्रश्न आहे : आपल्या बेघर भावाचे आपण काय केले?

तर मग आपण काय करावे? महापालिकेचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. गरिबांच्या घरांसाठी आणि निवाऱ्यांसाठी त्यात किती रक्कम ठेवली आणि गेल्या वर्षीची किती खर्च झाली, हे आपल्या समूहाच्या बैठकीत एकदा वाचू या आणि प्रभागाच्या प्रतिनिधीला विचारू या. आवास योजनेचा दुसरा टप्पा २०२४ साली मंजूर झाला आहे. आपल्या वाड्यात, चाळीत अर्ज भरता न येणारे असतील, तर शिकलेल्या मुलांनी त्यांच्याजवळ तासभर बसावे. ज्यांच्याकडे भाड्याने द्यायची खोली आहे, त्यांनी भाडेकरूची जात, भाषा, धर्म विचारण्याआधी स्वतःला विचारावे की आपण नेमके कुणाला दाराबाहेर ठेवत आहोत. आणि आपल्या गल्लीत निवाऱ्याची जागा ठरली, तर विरोधाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तिथे कोण राहायला येणार आहे, एवढी तरी चौकशी करू या.