प्रेमाची शेवटची तारीख

‘बाँडिंग’ हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला सात वर्षं मुदतीचे बाँडच आठवले. बँकेतल्या माणसाचं असंच होतं. पण हे बाँडिंग म्हणजे बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि मायेचं खातं उघडायचं!

ह्यात खोटं काही नाही, हे आधीच सांगतो. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय ह्यांच्या इस्पितळात उबेच्या पेट्या कमी आणि बाळं फार. त्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं सरळ आयांच्या छातीला बांधली. कांगारूची युक्ती! आपल्या परळच्या केईएमचा अभ्यास २००८ साली छापून आला. त्यात अशी बाळं दिवसाला सुमारे २४ ग्रॅमनी वाढली. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेली १६ ग्रॅमनीही नाही. म्हणजे दीड किलोच्या मुद्दलावर दिवसाला दीड टक्क्याहून जास्त व्याज! आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांनासुद्धा एवढं मिळत नाही. (आपण मात्र गाईच्या चिकाचा वेलदोडा घालून खरवस करायचा आणि बाळंतिणीचा चीक ओतून द्यायचा, असं कैक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललं.)

तेव्हा ऊब खरी, वजन खरं. पण मायेला मुदत कुणी घातली? १९७२ साली अमेरिकेत क्लाउस आणि केनेल ह्या डॉक्टरांनी २८ आया पाहिल्या. ज्यांना बाळाचा सहवास जास्त मिळाला त्या बाळाला अधिक जवळ घेत होत्या, असं त्यांना दिसलं. जगाने लगेच त्यावरून मायेचा मुहूर्त काढला. पुढे टीका झाली, त्या दोघांनीही आपलं म्हणणं बरंच सौम्य केलं. पण सौम्य केलेलं वाचतो कोण?

सानपाड्याला आमच्या सोसायटीतल्या एका पोरीने मोबाइलवर मुहूर्ताचंच वाचलं होतं. तिचं सिझेरियन, बाळ दीड किलोचं, जन्मताच पेटीत. हातात मिळालं ते अकराव्या दिवशी. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “काका, ह्याला मी परकीच वाटणार का हो?”

काय सांगणार? माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा उचललं ते बाराव्या दिवशी, तेही आजी ओरडली म्हणून. तोवर सोयर! त्याच माणसाने माझ्या टायफॉइडमध्ये नऊ रात्री माझे तळपाय चोळले. आणि मूल दत्तक घेणाऱ्यांनी काय, लेट फी भरायची? पेटीशेजारी आईला एक खुर्ची मिळाली नाही, ही चूक इस्पितळाची. ती रक्कम त्या पोरीच्या नावे का टाकता?

जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला अभ्यास २०२१ साली आला. आपल्याकडून त्यात दिल्लीचं सफदरजंग होतं. जन्मल्यापासून लगेच छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शाने घटले. आणि आई उठण्याजोगी होईपर्यंत घरातलं दुसरं कोणीही चालत होतं. म्हणजे नॉमिनी मान्य! बाळ सही पडताळून पाहत नाही.

हे मी त्या पोरीच्या सासऱ्यांनाही सांगितलं. “छे हो,” ते म्हणाले, “आमच्या छातीवर जंगल. टोचेल त्याला.”

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये भेटले. मी म्हटलं, “दाढी का?”

“नाही,” म्हणाले आणि शर्टाची बटणं काढू लागले.