परमुलखांत गेलेल्यांचे पुढारी

आपला मुलूख सोडून दूर वस्ती करणाऱ्या लोकांस त्यांच्या पुढाऱ्यांनीं काय सांगावें? ‘तेथल्यासारखे व्हा’ असें, कीं ‘आपलें सोडूं नका’ असें? नुसत्या तर्कानें ह्याचा निवाडा होत नाहीं. म्हणून वाचकहो, आपल्याच कोंकणांतून गेलेल्या बेने इस्राएल लोकांची हकीकत पाहूं.

हे यहूदी लोक कुलाबा प्रांतीं पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. भाषा मराठी, आडनांवें पेणकर, नवगांवकर अशीं. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळ लोक तिकडे जाऊं लागले, व डिमोना, लोद, अश्दोद इत्यादि ठिकाणीं राहिले. आरंभीं कित्येकांस तेथें इतका जाच वाटला कीं, १९५१-५२ सालीं त्यांनीं धरणें धरून हिंदुस्थानांत परत येणें मिळविलें. आणि नवल हें कीं, परतलेल्यांपैकीं बरेच पुढें पुन्हां तिकडेच गेले!

खरा पेंच १९६२ सालीं पडला. बेने इस्राएल मनुष्य इतर यहूद्याशीं विवाह करूं लागल्यास त्याच्या आईच्या व आजीच्या वंशाची, जितकें मागें जाववेल तितकें जाऊन, चौकशी करावी, असा हुकूम तेथील मुख्य धर्मगुरूंनीं काढिला. ‘सोसा, दोन पिढ्यांत सर्व विसरेल,’ असें अशा वेळीं पुढाऱ्यांस सांगतां येतें, आणि तें शहाणपणाचेंही दिसतें. परंतु आपल्या आजीवरील संशय मुकाट्यानें कबूल करून जो शेजाऱ्यांत मिसळतो, तो मिसळला असें कसें म्हणावें? तो केवळ लपला. ह्या पुढाऱ्यांनीं तसें केलें नाहीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत यरुशलेमेंत बायकामुलांसह लोक धरणें धरून बसले. ऑगस्टांत तेथील लोकसभेनें, बेने इस्राएल हे सर्व प्रकारें यहूदीच आहेत, असा ठराव केला, आणि धर्मगुरूंनीं हुकुमांतून त्यांचें नांव काढिलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांनीं वेगळा कायदा मागितला नाहीं. वेगळा कायदा काढा, एवढेंच मागितलें. पुढाऱ्यास उलट मोह फार असतो. लोक वेगळे राहिले तर त्याची गादी टिकते, म्हणून जुनी तक्रार मिटली तरी ती तो उकरीत बसतो. अशी माणसें आपल्या गांवींही आढळतात.

आज त्यांचीं मुलें तेथें इब्री बोलतात व सैन्यांत चाकरी करितात. आणि लग्न ठरलें कीं घरीं मलिदा होतो. एलिया संदेष्ट्याचें नांव घेऊन गोड पोहे, नारळ व फळें ताटांत मांडितात.